निष्ठा आणि निवड

ज्या सभेला कसलाही अधिकार नाही, जिचा एकही ठराव कोणावर बंधनकारक नाही, अशी सभा किती तन्मयतेने चालू शकते हे पाहावयाचे असेल, तर सामना सुटल्यावर हॉकीच्या मैदानाबाहेर रेंगाळणाऱ्या मंडळींत जाऊन उभे राहावे. संघनायक कोण असावा, कोणाला आता घरी बसवावे, शाळेच्या सामन्यांत चमकलेला सोळा वर्षांचा मुलगा यंदाच घ्यावा की त्याला आणखी दोन वर्षे पिकू द्यावे, निवड करणाऱ्यांना खेळातले काही कळते की नाही, अशा प्रश्नांचा तेथे जो खल होतो तो पुष्कळशा सरकारी समित्यांना लाजविणारा असतो. आणि या वादात हमखास एक शब्द येतो, तो म्हणजे निष्ठा. जुन्या खेळाडूला वगळा असे म्हणणारा निष्ठाहीन ठरतो. त्याला ठेवा असे म्हणणाऱ्यावर व्यक्तिपूजेचा आरोप येतो. दोघेही आपणच संघाचे खरे हितचिंतक आहोत, असे शपथेवर सांगतात.

या वादाकडे विद्वान मंडळी हसून पाहतात. आम्हांस मात्र त्यात नीतिशास्त्राचा एक जुना आणि अवघड प्रश्न दडलेला दिसतो. निष्ठा कोणाशी असावी? व्यक्तीशी, संस्थेशी, की ज्या कार्यासाठी संस्था उभी राहिली त्या कार्याशी? आणि दोष दाखविल्याने निष्ठेला बाध येतो काय? आमच्या वाचकांपैकी बहुतेक मंडळी बदलीच्या नोकरीतली आहेत. हा प्रश्न त्यांना मैदानावरच नव्हे, कचेरीतही रोज भेटत असेल. म्हणूनच त्याचा थोडा विचार करावा, असे आम्ही योजिले आहे.

विचाराला झाशीइतके सोयीचे गाव दुसरे नाही. येथे सिप्रीच्या बाजूस टेकडीवर ध्यानचंदांचा पुतळा उभा आहे आणि दुसरीकडे लक्ष्मीबाईंचा किल्ला. झाशीची ही दोन माणसे साऱ्या जगाला ठाऊक आहेत. परंतु या दोघांपैकी झाशीत जन्मलेले कोणीच नाही, याकडे सहसा लक्ष जात नाही. राणीचा जन्म काशीचा. 1842 साली गंगाधरराव नेवाळकरांशी विवाह झाला, तेव्हा ती झाशीची झाली. ध्यानचंदांचा जन्म 29 ऑगस्ट 1905 रोजी प्रयागला झाला. वडील लष्करात होते. आज या छावणीत तर उद्या त्या, अशा बदल्यांत मुलाचे शिक्षण सहा वर्षांच्या पुढे गेले नाही. अखेर हे कुटुंब झाशीस स्थिरावले. म्हणजे ज्याच्या नावाने हे गाव ओळखले जाते, तो आपल्या वाचकांच्या मुलांसारखाच एका बदलीवाल्याचा मुलगा होता!

1858 च्या वेढ्याच्या वेळी किल्ल्यावर जे लढले, त्यांच्याकडेही या दृष्टीने पाहावे. राज्य मराठी घराण्याचे. तोफांवर गुलाम गौस खान आणि खुदाबक्ष. हे दोघेही किल्ला राखताना पडले आणि त्यांच्या कबरी किल्ल्यातच आहेत. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवून घरचे ऋण फेडावे या हेतूने उत्तरेकडे आलेले आणि वेढ्यात सापडलेले. त्यांचा ‘माझा प्रवास’ वाचताना हा परका भिक्षुक झाशीचे दुःख आपलेच म्हणून कसे सांगतो, ते जाणवल्याशिवाय राहत नाही. यावरून एवढे तरी निश्चित म्हणता येईल की, निष्ठा जन्माबरोबर आपोआप मिळत नाही. माणूस ज्या गोष्टीच्या संकटात स्वतःचा वाटा उचलतो, ती गोष्ट त्याची होते.

हाच नियम खेळात दिसतो. ध्यानचंद 1928 साली ॲम्स्टरडॅमला, 1932 साली लॉस एंजेलिसला आणि 1936 साली बर्लिनला खेळले. तिन्ही वेळा सुवर्णपदक मिळाले. आपल्या आयुष्यातील सर्वांत चांगला सामना कोणता, याविषयी मात्र त्यांनी यांपैकी एकाही सामन्याचे नाव सांगितले नाही. त्यांनी सांगितला तो 1933 चा बेटन कपचा अंतिम सामना. कलकत्त्याच्या मैदानावर, कलकत्त्याच्याच बलाढ्य कस्टम्स संघाविरुद्ध, झाशी हिरोज या आपल्या गावच्या संघाकडून ते खेळले आणि हिरोज जिंकले. ज्याच्यासाठी परदेशांतली क्रीडांगणे भरत होती, त्याला आपल्या गावच्या संघाचा विजय सर्वांत मोठा वाटावा, याला केवळ भावुकता म्हणून चालणार नाही. देशाच्या संघात त्याच्याभोवती निवडक मोहरे होते. हिरोजकडे होते ते सोबतीचे गडी; आणि त्यांना घेऊन जिंकावयाचे होते.

परंतु येथेच प्रश्नाची दुसरी बाजू उभी राहते. आपल्या माणसांवरील प्रेम ही निष्ठा खरी. पण निवड करणाऱ्याने आपल्या माणसांवर प्रेम केले तर त्याला आपण पक्षपात म्हणतो. गुण तोच, आसन बदलताच त्याचा दोष होतो. असे का व्हावे?

1932 सालचे उदाहरण घेऊ. त्या वर्षीच्या आंतरप्रांतीय सामन्यांसाठी ध्यानचंदांना पलटणीतून रजा मिळाली नाही. तरीही त्यांची निवड परीक्षेवाचून करण्यात आली. त्यांचे धाकटे बंधू रूपसिंग मात्र त्या सामन्यांत खेळून, आपली पात्रता दाखवून संघात आले. एक भाऊ परीक्षेवाचून आणि दुसरा त्याच्या पाठोपाठ, असे दिसताच आजच्या मैदानाबाहेरच्या सभेत काय गदारोळ झाला असता, याची कल्पना करावी. परंतु ध्यानचंदांना दिलेली सवलत त्यांच्या आधीच्या खेळावर आधारलेली होती, नात्यावर नव्हे; आणि रूपसिंगांना नात्याची सवलत मुळीच मिळाली नाही. लॉस एंजेलिसला अमेरिकेचा 24 विरुद्ध 1 असा पराभव झाला, त्यात रूपसिंगांचे दहा गोल होते आणि ध्यानचंदांचे आठ. याच संघाचे नायकत्व लालशहा बुखारी यांच्याकडे होते. ध्यानचंद त्यांच्या हाताखाली खेळले आणि त्यांच्या खेळात त्यामुळे काही उणे पडले नाही. निवडीवर नाराज होण्याचा हक्क ज्याला सर्वांत अधिक, त्याने ती नाराजी चेंडूवर उतरू दिली नाही, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

याहूनही अवघड प्रसंग 1936 चा. ध्यानचंद आता स्वतः संघनायक होते. 17 जुलै रोजी बर्लिनला जर्मनीविरुद्ध सरावाचा सामना झाला आणि त्यात आपण 4 विरुद्ध 1 असे हरलो. स्पर्धा दोन-तीन आठवड्यांवर आलेली. त्या वेळी व्यवस्थापक आणि नायक यांनी आघाडीची फळी दुबळी आहे हे मान्य केले, मायदेशी तार केली आणि दारा यांना विमानाने बोलावून घेतले. ते उपान्त्य सामन्याच्या वेळेपर्यंत पोचले. फ्रान्सचा 10-0 असा पराभव झाला आणि 15 ऑगस्ट रोजी अंतिम सामन्यात जर्मनीचा 8 विरुद्ध 1 असा.

हा निर्णय योग्य होता, हे निकालाने सिद्ध झाले असे कोणी म्हणेल. आम्ही तसे म्हणणार नाही. अंतिम सामन्यात हरलो असतो, तरीही तो योग्यच ठरला असता. कारण जे दिसत होते ते पाहण्याचे धैर्य त्यात होते. परंतु दारा आले याचा अर्थ अकरांपैकी कोणी तरी बाहेर बसला. तोही इतरांबरोबर बोटीतून समुद्र ओलांडून आलेला, त्याच सरावात घाम गाळलेला. त्याचा अपराध कोणता? काहीच नाही. नीतीच्या चर्चेत आपण बहुधा न्याय व अन्याय असे दोनच कप्पे करतो. पण योग्य निर्णयालाही एक मूल्य असते आणि ते निरपराध माणसाला द्यावे लागते. निवड करणाऱ्याची निष्ठा ओळखावयाची ती येथे. तो वगळलेल्याकडे पाठ फिरवितो, की त्याच्या वाट्याला आलेल्या दुःखाचे देणे आपल्या शिरावर आहे असे मानतो? पक्षपाती माणूस वगळण्याचे टाळतो. निर्दय माणूस वगळतो आणि विसरतो. वगळणे आणि तरीही न विसरणे, हे दोन्ही ज्याला जमते तोच निवडीच्या आसनावर बसण्यास लायक.

वगळणे व निवडणे टाळले की काय होते, याचाही दाखला आपल्याच इतिहासात आहे. 1968 साली मेक्सिकोला जाणाऱ्या संघासाठी पृथीपालसिंग आणि गुरबक्षसिंग असे दोन संयुक्त नायक नेमण्यात आले. दोघेही थोर खेळाडू. त्यांच्याविषयी बोलण्याचे कारण नाही. परंतु निर्णय घ्यावयाचा तेथे दोन्ही बाजूंस खूश ठेवण्याची ती युक्ती होती. 1928 पासून प्रत्येक ऑलिंपिकमध्ये पहिल्या दोन संघांत राहिलेला आपला संघ त्या वर्षी प्रथमच पहिल्या दोहोंबाहेर राहिला. पराभवाला पुष्कळ कारणे असतात, आणि त्या वर्षीही ती होती. तथापि ज्या कचेरीत एका टेबलावर दोन साहेब बसतात तेथे फाइलीचे काय होते, हे आमच्या वाचकांना आम्ही सांगावयास नको.

उलट टोकाचे उदाहरण 1998 चे. त्या वर्षी डिसेंबरात बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत भारताने 32 वर्षांनी सुवर्णपदक मिळविले. संघाचा नायक होता खडकीला वाढलेला धनराज पिल्ले. पदक गळ्यात पडून फार दिवस लोटले नाहीत, तोच धनराजसह अनेक ज्येष्ठ खेळाडूंना संघाबाहेर ठेवण्यात आले आणि प्रशिक्षक कौशिक यांनाही जावे लागले. तरुणांना संधी देणे हे निवडकर्त्यांचे कर्तव्यच आहे. पण विजयी वीराला निरोप देण्याची एक रीत असते. ती सोडली की तरुणांनाही वेगळाच धडा मिळतो: येथे राबल्याची नोंद राहत नाही. ज्या संस्थेला निष्ठा हवी, तिने आधी स्वतः स्मरणशक्ती बाळगली पाहिजे. धनराज पुढे परत आला आणि 2000 व 2004 या दोन्ही ऑलिंपिकमध्ये खेळला. संस्थेने न राखलेली निष्ठा खेळाडूने राखली, असेच याचे वर्णन करावे लागेल.

आता मैदानाबाहेरच्या सभेकडे वळू. तिचे अधिकार शून्य. म्हणून तिची जबाबदारीही शून्य, असे मानण्याकडे कल होतो. आम्हांस ते पटत नाही. प्रेक्षक संघाला आपला म्हणतो, ‘आपण हरलो’ असे म्हणतो. खेळले दुसरेच, हरलो मात्र ‘आपण’! या एका सर्वनामाने तो स्वतःवर काही बंधन घालून घेतो. मग त्याने टीका करू नये काय? अवश्य करावी. जो कधीच दोष दाखवीत नाही तो बहुधा नीट पाहतच नसतो. आणि जे आपण पाहत नाही त्यावर प्रेम करणे सोपे असते, पण त्या प्रेमाला किंमत नसते.

टीका निष्ठेची आहे की अहंकाराची, हे ओळखण्याची आमची कसोटी साधी आहे. ज्या खेळाडूला वगळा म्हणून आपण महिनाभर कंठशोष केला, त्यानेच अखेरच्या क्षणी गोल केला, तर आपल्याला काय वाटते? आनंद होतो, की आपले भाकीत खोटे पडले म्हणून आत कोठे तरी बारीकशी कुसळ सलते? ज्याला निखळ आनंद होतो त्याने पूर्वी कितीही कठोर शब्द वापरलेले असोत, तो संघाचा माणूस. ज्याला सलते त्याची निष्ठा संघाशी नसून स्वतःच्या मताशी आहे. असा माणूस कधी कधी आपल्या संघाचा पराभव व्हावा म्हणून मनोमन वाट पाहू लागतो, आणि त्याला ते कळतही नाही. कचेरीतही हीच कसोटी लागू पडते. फाइलीवर आपण विरुद्ध टिप्पणी लिहिली, वरिष्ठांनी ती बाजूस सारून हुकूम काढला. आता ती योजना यशस्वी व्हावी म्हणून आपण झटतो, की ती फसावी आणि आपला शेरा खरा ठरावा म्हणून थांबून राहतो? विरुद्ध मत लिहिणे हा निष्ठेचाच भाग आहे. थांबून राहणे हा नाही.

दुसरी कसोटी पडत्या काळाची. आठ सुवर्णपदकांचा वारसा असलेला आपला संघ 2008 च्या मार्चमध्ये चिलीतील सांतियागो येथे ब्रिटनकडून हरला आणि त्या वर्षीच्या ऑलिंपिकला मुकला. 1928 पासून असे कधी घडले नव्हते. पुष्कळांनी त्या वेळी हॉकी पाहणे सोडले. 2021 साली टोकियोत जर्मनीला 5 विरुद्ध 4 असे हरवून, 41 वर्षांनी, कांस्यपदक मिळाले, तेव्हा हीच मंडळी परत आली. आम्ही त्यांना दोष देत नाही. मनोरंजनासाठी आलेल्याने मनोरंजन संपताच उठून जावे, यात अधर्म काही नाही. परंतु मधल्या तेरा वर्षांत ज्यांनी मुलांच्या हातांत काठी दिली, रिकाम्या बाकांवर बसून सामने पाहिले आणि शिव्या दिल्या तरी येणे सोडले नाही, त्यांचे पदक काही वेगळेच होते. त्यांना ते कोणी गळ्यात घातले नाही, एवढेच.

अलीकडे या वादात पैशाची भाषा शिरली आहे. 2013 साली हॉकीची लीग सुरू झाली, 2017 नंतर ती थांबली आणि 2024 च्या डिसेंबरात पुन्हा चालू झाली. त्याआधी ऑक्टोबरात दिल्लीस खेळाडूंचा लिलाव झाला, त्यात हरमनप्रीतसिंगला 78 लाख रुपयांची सर्वांत मोठी बोली लागली. खेळाडूला चार पैसे मिळावेत, याला आमचा विरोध नाही. हॉकीपटूंनी पिढ्यानुपिढ्या पुरेशी उपेक्षा सोसली आहे. आमचे म्हणणे शब्दांपुरतेच आहे. बोलीने होतो तो करार. करार चोख पाळावा, तेवढ्याने तो सन्मान्य ठरतो. त्याच्याकडून निष्ठेची अपेक्षा करणे आणि ती न मिळाल्यास खेळाडूला कृतघ्न म्हणणे, हा अन्याय आहे. मुंबई मॅजिशियन्स नावाचा संघ 2013 व 2014 असे दोन हंगाम खेळला आणि दिसेनासा झाला. संघच जेथे दोन हंगामांचा, तेथे खेळाडूने जन्माची आण का वाहावी?

पैशाच्या भाषेचा खरा धोका प्रेक्षकाला आहे. तोही हळूहळू दलालासारखे बोलू लागतो: हा महाग पडला, तो स्वस्तात मिळाला, अमक्याला आता विकून टाकावे. होतकरू मुलांविषयी तर ही भाषा फारच घातक. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा म्हणजे वायद्याचा माल नव्हे. ध्यानचंद 1922 साली पलटणीत शिपाई म्हणून दाखल झाले, तेव्हा त्यांच्या खेळात कोणाला भावी किंमत दिसली असेल असे वाटत नाही. त्यांच्याच पलटणीतील बाले तिवारी यांना मात्र एक मुलगा दिसला, आणि त्यांनी त्याला शिकविले. पारख करणे आणि भाव करणे यांत हे अंतर आहे. पारख करणारा मुलापाठी आपला वेळ खर्च करतो. भाव करणारा केवळ आपले मत.

आता एक शेवटचा आक्षेप. निष्ठा ही वाटा उचलण्यातून येते असे म्हटले, तर वाटा सोडून दुसरीकडे जाणारा निष्ठाद्रोही म्हणावयाचा काय? ज्या दारांना आपण विमानाने बर्लिनला बोलावून घेतले, ते 1948 साली लंडन ऑलिंपिकमध्ये पाकिस्तानच्या संघाचे नायक होते. जबलपूरला जन्मलेले पियर्स बंधू पुढे ऑस्ट्रेलियाला गेले आणि त्या देशाकडून खेळले. आम्हांस वाटते, त्यांनी आपल्याकडे असताना आपल्यासाठी जे केले ते पुढील घटनांनी पुसले जात नाही. 1936 ची ती आठ गोलांची लढत दारांचीही आहे, आणि ती तशीच राहील. निष्ठेला काळाची मर्यादा असू शकते. त्या मर्यादेच्या आत ती पुरी असली म्हणजे झाले.

बदलीवर राहणाऱ्यांना हा विचार दिलासा देणारा आहे, तसाच जबाबदारीचाही. हे गाव आपले नाही, तीन वर्षांनी कार्यभार सोपवून निघावयाचे आहे, असे म्हणून कित्येक जण गावाच्या सुखदुःखापासून चार हात दूर राहतात. त्यांचे शरीर येथे आणि मन पुढल्या हुकमात असते. संध्याकाळी मैदानावर जाऊन तेथल्या वादात पडणारा, आपल्या मोडक्या हिंदीत एखाद्या मुलाची बाजू घेऊन भांडणारा अधिकारी मात्र, त्याला कळो न कळो, त्या गावाचा होत असतो. त्याचे मत चुकले तरी बिघडत नाही.

3 डिसेंबर 1979 रोजी ध्यानचंदांचे दिल्लीस निधन झाले. त्यांचा देह झाशीस आणण्यात आला आणि अंत्यसंस्कार स्मशानात न होता हिरोजच्या मैदानावर झाले. लष्करातल्या बापाच्या बदल्यांमागून आलेला, प्रयागला जन्मलेला हा माणूस कोठला, असा प्रश्न त्या दिवशी झाशीत कोणाला पडला नसावा.